शिलोत्रीचा मण



आजच्या विषयाचे नाव प्रथम कानावर पडले तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल, की संगणकाच्या कोडाची भांडारे आणि त्यांची मिळकत यांचा पेण-रोह्याच्या माणसाशी काय संबंध? शंका रास्त आहे. तिचे उत्तर देण्यासाठी मी आपल्याला आधी अमेरिकेत नेणार नाही. खारेपाटातच नेतो. कारण ज्या प्रश्नावर जगातले मोठमोठे संगणकतज्ज्ञ गेली पंचवीस वर्षे डोके खाजवीत आहेत, तो प्रश्न आपल्या वाडवडिलांनी खाडीच्या चिखलात उभे राहून कित्येक पिढ्या सोडवीत आणला आहे. प्रश्न एवढाच, की जी गोष्ट सर्वांच्या उपयोगाची आहे आणि जिचा उपयोग घेण्यापासून कोणालाच अडवता येत नाही, तिची डागडुजी कोणी करावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा?

धरमतरच्या खाडीकडे किंवा कुंडलिकेच्या मुखाकडे निघालेल्या वाटसरूला भाताच्या खाचरांपलीकडे मातीचा एक लांबलचक बांध दिसतो. तो बाहेरकाठा. त्याच्या एका अंगाला समुद्राची भरती, दुसऱ्या अंगाला माणसाचे अन्न. मधेमधे उघाड्या असतात. पावसाचे पाणी त्यांतून खाडीत जाते आणि भरतीचे पाणी आत येत नाही. हा बांध दगडी किल्ल्यासारखा एकदा बांधून विसरण्याजोगा नाही. खेकडे त्याला बिळे पाडतात, लाटा त्याची माती नेतात, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो भिजून सैल होतो. एके रात्री लहानशा बिळातून पाणी झिरपू लागते आणि सकाळी पाहावे तो खांड पडलेली! खारे पाणी एकदा शेतात शिरले, की पुढची काही वर्षे भाताची आशा सोडावी लागते. आणि नुकसान ज्याच्या शेतासमोर खांड पडली त्याचे एकट्याचे होत नाही. त्या बांधामागच्या सगळ्यांचे होते.

हा बांध राखण्याच्या तीन रीती आपल्या जिल्ह्याने पाहिल्या. पहिली जोळाची. बांधामागचे शेतकरी एकत्र येत आणि आपल्या अंगमेहनतीने काठा दुरुस्त करीत. दुसरी शिलोत्रीची. पेण-नागोठण्याकडच्या खाजणांत ज्याने पुढाकार घेऊन खाडीपासून जमीन सोडवली, तो शिलोत्रीदार. बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी त्याच्या शिरावर असे आणि त्याबद्दल बांधामागे पिकवणारे कूळ सरकारी धाऱ्याखेरीज बिघ्यामागे मणभर भात त्याला देई. यालाच शिलोत्रीचा मण म्हणत. या रीतीतले शहाणपण लक्षात घ्या. मण माणशी नव्हता, बिघ्यामागे होता. ज्याची जमीन बांधाच्या आश्रयाने जास्त, त्याने जास्त द्यावे, असा तो सरळ हिशेब होता.

पण त्याच रीतीत तिचा दोषही दडलेला होता. मण घेण्याचा हक्क वारसाने चालतो, बांध राखण्याचे कष्ट मात्र वारसाने चालतातच असे नाही. घेणारा एक आणि चिखलात उतरणारा दुसरा, अशी फारकत झाली की मणाचे मोल उरत नाही, नुसते ओझे उरते. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींसाठी कायदा केला. १९५५ साली खास कुलाबा जिल्ह्यापुरता शिलोत्री हक्क नाहीसे करणारा कायदा झाला. पुढे १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकासाचा कायदा आला. अशा रीतीने बांध शासनाच्या हाती गेला. ही तिसरी रीत. तिचे गुणदोष आपण सर्व जाणताच. सरकारजवळ पैसा असतो, यंत्रे असतात. पण खांड पडते उधाणाच्या रात्री आणि अंदाजपत्रक मंजूर होते सवडीने.

आता या तीन रीती मनात ठेवून संगणकाच्या जगाकडे वळू.

सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची संहिता. ती लिहिली जाते तिला कोड म्हणतात. यातला पुष्कळसा कोड त्याच्या कर्त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला आहे. कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. पेणच्या लोकांना हे चटकन समजेल, कारण साचा म्हणजे काय हे आपल्याला सांगावे लागत नाही. मूर्तिकार एक मूळ मूर्ती घडवतो, तिच्यावरून साचा होतो आणि साच्यातून शेकडो गणपती निघतात. परंतु प्रत्येक गणपतीला माती लागते, वेळ लागतो, रंग लागतो, म्हणून प्रत्येकाची किंमत घेता येते आणि त्यातून मूळ कारागिराचे पोट भरते. कोडाची प्रत काढायला माती लागत नाही, वेळ लागत नाही. साचा जगाला देऊन टाकलेला आणि प्रत फुकट. मग कारागिराने खावे काय?

एक उत्तर असे, की साचा फुकट द्यावा आणि आखणीचे पैसे घ्यावेत. हमरापूर-जोह्याकडच्या कच्च्या मूर्ती बाहेरगावी जातात आणि रंग व डोळ्यांची आखणी तिकडे होते, तसाच हा प्रकार. मुंबईतच त्याचे चांगले उदाहरण आहे. रुषभ मेहता यांनी आपल्या घरच्या फर्निचरच्या धंद्याचे हिशेब नीट राहावेत म्हणून जी व्यवस्था लिहायला घेतली, तीच पुढे ईआरपीनेक्स्ट या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या फ्रापे कंपनीने तिचा सगळा कोड खुला ठेवला. मिळकत होते ती गिऱ्हाइकासाठी ती व्यवस्था चालवून देण्याबद्दल. हा मार्ग चांगला आहे, पण सर्वांना उपलब्ध नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर दिसणाऱ्या वस्तूची आखणी विकता येते. बांधातल्या मातीची आखणी कोण विकत घेणार? आणि संगणकाच्या जगातला निम्माअधिक भार अशाच, कोणाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या मातीवर उभा आहे.

हा खुला कोड ठेवायला जागा लागते. हजारो माणसे देशोदेशी बसून एकाच संहितेवर काम करतात. कोणी काय बदलले, केव्हा बदलले, याची नोंद राहावी लागते. ही जागा म्हणजे कोडाची भांडारे. त्यांचा इतिहास मिळकतीच्या दृष्टीने पाहिला तर फार बोधप्रद आहे.

१९९९ साली अमेरिकेत सोर्सफोर्ज नावाचे भांडार निघाले. जागा फुकट आणि खर्च जाहिरातींवर. काही वर्षे ते भरभराटीला आले. पण जाहिरातीच्या मिळकतीचा स्वभाव असा, की ती कमी पडू लागली म्हणजे मालक गिऱ्हाइकाच्या विश्वासात हात घालतो. २०१३ नंतर तेथून उतरवून घेतलेल्या काही सॉफ्टवेअरबरोबर न मागितलेल्या जाहिरातबाज वस्तूही लोकांच्या यंत्रांत शिरू लागल्या. २०१५ साली यावरून मोठा गवगवा झाला. २०१६ साली नव्या मालकाने तो प्रकार बंद केला, पण तोवर लोक उठून गेले होते. विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूला धक्का लागला म्हणजे काय होते, हे पेणकरांना निराळे सांगायला नको.

दुसरा प्रयोग गूगलचा. २००६ साली त्या श्रीमंत कंपनीने आपल्या अंगणात फुकट भांडार उघडले. मिळकतीची चिंताच नव्हती. पण जे धन्याच्या मर्जीने उघडते ते धन्याच्या मर्जीनेच मिटते. २०१५ साली बंद करण्याची घोषणा झाली आणि २०१६ च्या आरंभी दारे लागली.

तिसरा प्रयोग गिटहबचा, आणि तो यशस्वी ठरला. २००५ साली लायनस टोरवाल्ड्‌स यांनी गिट नावाचे नोंदी ठेवण्याचे साधन लिहिले होते. त्याच्या पायावर २००८ साली गिटहब उभे राहिले. त्याची युक्ती साधी होती. जो आपला कोड जगाला दाखवील त्याला जागा फुकट. ज्याला तो कुलपात ठेवायचा असेल त्याने भाडे द्यावे. धर्मशाळा विनामूल्य आणि बंद खोलीचे पैसे! धर्मशाळेत माणसांची गर्दी झाली, म्हणून व्यापाऱ्यांनाही तेथेच खोली हवीशी वाटली. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने हे भांडार साडेसात अब्ज डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात विकत घेतले. २०२० पर्यंत साध्या खोल्याही फुकट झाल्या आणि मिळकत मोठ्या कंपन्यांच्या खास सोयींवर आली. २०२२ साली त्यात एक नवी भर पडली. कोड लिहिण्यास मदत करणारा यांत्रिक सहायक गिटहबने महिना १० डॉलर दराने विकायला काढला. हा सहायक शिकला कशावर? भांडारात लोकांनी उघड्यावर ठेवलेल्या कोडावर. लोकप्रिय खुल्या कामांच्या राखणदारांना तो फुकट देण्याचे औदार्य कंपनीने दाखवले, हेही सांगितले पाहिजे. परंतु ज्यांच्या शेतातले भात, त्यांना मूठभर पोहे, असे कोणी म्हटले तर त्याला एकदम खोटे पाडता येणार नाही.

म्हणजे भांडाराने मिळकत कशी करावी हा अर्धा प्रश्न सुटला. उरलेला अर्धा अधिक अवघड आहे. भांडाराला मिळालेला पैसा बांध राखणाऱ्यापर्यंत पोचतो काय? येथे शिलोत्रीदाराची आठवण होते. मण गोळा होतो आहे. चिखलात कोण उतरतो आहे?

दोन खांडींची हकीगत सांगतो. ओपनएसएसएल नावाचा कोड जगातील बँका, दुकाने, कचेऱ्या यांचे व्यवहार गुप्त ठेवतो. एप्रिल २०१४ मध्ये त्यात एक भयंकर छिद्र सापडले. त्याला हार्टब्लीड असे नाव पडले. शोध घेता कळले, की ज्या कामावर जगाचा एवढा व्यवहार उभा होता त्याला देणगीरूपाने वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर मिळत आणि पूर्ण वेळ राबणारा माणूस एकच होता! खांड पडल्यावर मोठ्या कंपन्या धावल्या आणि त्यांनी निधी उभारला. खांड पडल्यावर धावणे हा मनुष्यस्वभावच आहे.

दुसरी हकीगत मार्च २०२४ ची. एक्सझेड नावाचा, फायलींचा आकार लहान करणारा एक कोड असंख्य संगणकांत असतो. तो एकच गृहस्थ फावल्या वेळात, विनावेतन राखीत होता आणि थकला होता. एका अनोळखी इसमाने टोपणनावाने येऊन त्याला मदत देऊ केली. दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास मिळवला आणि अखेर त्या कोडात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आले, की एक व्यवहार अर्ध्या सेकंदाने मंद चालतो आहे. त्याने खोदून पाहिले आणि अनर्थ टळला. येथे बांधाला बीळ खेकड्याने पाडले नव्हते. राखणदार एकटा आणि थकलेला आहे, हे हेरून माणसाने ते पाडले होते.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. २०१९ साली गिटहबने प्रायोजकत्वाची योजना काढली. कोणीही आपल्या आवडत्या कोडकर्त्याला दरमहा काही द्यावे, कंपनी त्यातून दलाली घेणार नाही, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक कर्त्याला ५,००० डॉलरपर्यंत तेवढीच भर स्वतः घालणार. हा जोळाचाच नवा अवतार. परंतु देणगी जाते ती दिसणाऱ्या माणसाकडे. उत्सवात कळसाला सोने मिळते, पायाच्या दगडाला कोणी फूल वाहत नाही. २०१७ साली बोस्टनमध्ये निघालेल्या टाइडलिफ्ट कंपनीने शिलोत्रीची रीत उचलली. कंपन्यांकडून वर्गणी घ्यावी आणि त्या जो कोड वापरतात त्याच्या राखणदारांना वाटावी. जर्मनीने २०२२ साली सरकारी निधी उघडला; ती आपली खारभूमीची रीत. बर्लिनमध्ये २०१८ साली कोडबर्ग नावाची सभासदांची संस्था निघाली. ती वर्गणी व देणग्यांवर भांडार चालवते आणि ते कोणाला विकत घेता येत नाही. आपल्या देशातही २०२४ साली झिरोधा या बंगलोरच्या कंपनीने खुल्या कोडासाठी वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत निधी जाहीर केला. खुल्या कोडाच्या बळावर आपला धंदा वाढला, त्याचे देणे म्हणून हे देतो, अशी तिची भूमिका आहे. ऋण मानणारा व्यापारी ही काही लहान गोष्ट नव्हे.

तरीसुद्धा हे सर्व कोणाच्या ना कोणाच्या मर्जीवर अवलंबून आहे. मला सुचवायचे आहे ते एवढेच, की भांडारांनी शिलोत्रीच्या मणाचा नियम आपल्या घटनेतच घालून घ्यावा. तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, मण बिघ्यावर असावा, माणशी नसावा. रोह्याच्या महाविद्यालयातला विद्यार्थी किंवा आपला हिशेब ठेवणारा लहान दुकानदार यांच्याकडून काही घेऊ नये. ज्या कंपन्या कुलूपबंद खोल्यांचे भाडे आजच देतात, त्यांच्या भाड्यातच हा मण असावा. त्यांचीच जमीन बांधामागे सर्वांत मोठी आहे.

दुसरी, त्या भाड्याचा ठरावीक हिस्सा निराळ्या खात्यात जावा आणि तो राखणदारांचाच असावा. हिस्सा केवढा, यावर वाद होईल. पेण तालुक्यातल्या गागोद्यास १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी भूदानात लोकांपाशी सहावा भाग मागितला होता. तोच आकडा आरंभाला धरावा, असे मला वाटते. तो देणाऱ्याला बुडवीत नाही आणि घेणाऱ्याला उपाशी ठेवीत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, वाटप भांडाराच्या मालकाने करू नये. येथेच शिलोत्री बिघडण्याची भीती होती. राखणदारांनी निवडलेल्या पंचांनी बांधाची पाहणी करावी, कोठे माती सैल आहे ते ठरवावे आणि दर वर्षी पै-पैचा हिशेब छापावा. हॉलंड देशात समुद्राचे बांध राखणारी पाणीमंडळे तेराव्या शतकापासून चालत आली आहेत. कर जमीनवाल्यांवर, आणि कारभार त्यांनीच निवडलेल्या मंडळाकडे. राजे गेले, युद्धे झाली, मंडळे टिकली. कर देणारा, बांध पाहणारा आणि हिशेब तपासणारा यांची फारकत त्यांनी होऊ दिली नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एक असा, की पैसा आला म्हणजे लबाडी येते. वापराचे आकडे फुगवून लोक मण उपटतील. खरे आहे. म्हणूनच वाटप नुसत्या आकड्यांवर नको, पाहणीवर हवे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जे काम प्रेमाने चालले आहे त्याला मोबदला लावला म्हणजे प्रेम आटते, असे काही जुने राखणदारच म्हणतात. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. परंतु जोळात उतरणारा शेतकरीही प्रेमाने उतरत असे. त्याचे शेत त्याच बांधामागे होते, म्हणून त्याला ते परवडत असे. दुसऱ्याची शेते आयुष्यभर फुकट राखणाऱ्याला प्रेमाचा उपदेश करणे सोपे आहे. ज्याला मण नको असेल त्याने तो परत करावा. मागण्याची लाज मात्र त्याच्यावर येऊ नये.

येथे रोह्याच्या एका थोर पुरुषाचे स्मरण होते. चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. ती बँक १९३५ साली भागधारकांची म्हणून स्थापन झाली होती. १ जानेवारी १९४९ रोजी, चिंतामणरावांच्याच कारकीर्दीत, ती राष्ट्राच्या मालकीची झाली. ज्या संस्थेवर सर्वांचा व्यवहार उभा आहे ती थोड्यांच्या नफ्याची बाब राहू नये, हा त्यामागचा विचार. कोडाची भांडारे सरकारजमा करावीत असे मी म्हणत नाही. ती एका देशाची नाहीतच. पण तो प्रश्न मात्र त्यांनाही टळत नाही.

आणि हा प्रश्न आपल्यालाही टळत नाही. बाजारात भाजी घेताना मोबाइलवरून जो पैसा जातो, तहसील कचेरीत जो उतारा निघतो, रेल्वेचे जे तिकीट मिळते, त्या प्रत्येकाच्या तळाशी कोणा अनोळखी राखणदाराची माती आहे. संगणकावर मराठी दिसते ती अक्षरेदेखील अशीच आली. लोहित नावाचे खुले टंक रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या माणसांनी राखले. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा मुक्त नावाचा टंक आज हजारो ठिकाणी फुकट वापरला जातो. उद्या नवे अक्षर, नवे चिन्ह लागले तर ते घालायला कोणी बसलेला असेल काय, हे आपल्या भाषेच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. आपल्या नगरपालिका, सहकारी संस्था, महाविद्यालये खुला कोड वापरतात आणि परवान्याचे पैसे वाचवतात, हे चांगलेच आहे. वाचलेल्यातला अंशभाग त्यांनी बांधाकडे पाठवला आणि आपल्या मुलांपैकी चौघांना त्या बांधावर काम करायला पाठवले, तर तो आपला मण भरला असे होईल.

खारेपाटातले म्हातारे उधाणाच्या आधी बांधावरून एक फेरी मारून येतात. पाणी चढल्यावर जाण्यात अर्थ नसतो, हे त्यांना ठाऊक असते.